झाकण असलेले घरटे

मित्रांनो, गॅलरीच्या भिंतीवर रंग उडालेले एक लाकडी घरटे टांगलेले दिसते ना, ते मी. मला चिमण्यांनी बांधले नाही. कारखान्यात करवतीने कापून, खिळे ठोकून बनवले. पाळीव प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात, कुत्र्यांचे पट्टे आणि मांजरांची खेळणी यांच्या मधोमध मी नटूनथटून बसले होते. माझ्या छपराला बिजागरी होती. खोक्यावर कंपनीने मोठ्या अक्षरांत छापले होते, 'झाकण उघडा, आत डोकावा!' चिमण्यांना त्या झाकणाचा काडीचा उपयोग नव्हता. पण घरटी काही चिमण्या विकत घेत नाहीत.

एका भाचीने मला तिच्या मावशीसाठी घेतले. मावशी निवृत्त परिचारिका. शेजारीपाजारी तिला अजून सिस्टरच म्हणत. जन्मभर वॉर्डात फेऱ्या मारलेली बाई आता दोन खोल्यांत एकटी राहायची. मला टांगले आणि तिच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला ती झाकण उघडून विचारायची, "काय रे बाबा, आलं का कोणी?" कोणी आलेले नसायचे. तरी मला त्या प्रश्नाची सवय लागली. तिच्याखेरीज माझी विचारपूस करणारे होते तरी कोण?

मग चिमण्यांची एक जोडी आली. काड्या आल्या, पिसे आली आणि सिस्टरला आभाळ ठेंगणे झाले. फेऱ्या वाढल्या. झाकण उघडले की चिमणी भुर्रकन उडायची आणि परतायला दर वेळी अधिकच उशीर लावायची. अंडे दिसले, तेव्हा सिस्टरने भाचीला बोलावून कौतुकाने दाखवले. त्यानंतर चिमणी फिरकलीच नाही. अंडे माझ्या पोटात गार पडले. "माझं काय चुकलं रे?" सिस्टर रडत विचारायची. मला वाचा असती तरी माझी जीभ रेटली नसती. खरे कळले, तर ती झाकण उघडायचीच बंद होईल, याची मला भीती होती.

पुढे ती न्हाणीघरात घसरली. पाय मोडला आणि भाची तिला आपल्या घरी घेऊन गेली. गॅलरीचे दार बंद झाले. माझ्यावर धूळ साचली, कोळ्याने जाळे विणले. इतके एकटे मी दुकानाच्या फळीवरही नव्हते. त्या सामसुमीत एक जोडी आली आणि कोणाची चाहूल नाही म्हणून निर्धास्त राहिली.

सिस्टर काठी टेकत परतली, तेव्हा आत पिल्लांचा कलकलाट चालला होता. तिचा हात सवयीने झाकणावर आला. किती दिवसांनी!

"उघड ना मावशी," भाची म्हणाली. "बघ तरी किती आहेत!"

सिस्टरचा हात थबकला. "नको गं. झोप लागलेल्या पेशंटला हलवून 'झोप लागली का' म्हणून विचारतं का कोणी? वॉर्डात कळायचं मला, घरी नाही कळलं बघ."

तिने हात काढून घेतला.

ती पिल्ले उडाली, त्यानंतरही जोड्या येत राहिल्या. झाकण पुन्हा उघडले नाही. बिजागरी आता गंजली आहे. मी भरलेले असते, पण सिस्टरचा चेहरा मला दिसत नाही. ती दाराच्या आत खुर्ची टाकून नुसती ऐकत बसते. भाचीही हल्ली क्वचितच येते.

मित्रांनो, पाखरांवर माया करा, पण जरा लांबूनच. त्या खुर्चीकडे मात्र जरूर डोकावा. तिचे दार उघडले, तर ती उडून जाणार नाही.