कानात सांगितलेली ओळ

राणीसावरगावच्या शिवारात ज्वारीची काढणी चालली होती. कमलबाई ताटं उपटता उपटता गुणगुणायली होती. ओळ तिच्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, परवाच जुळवलेली.

"कुणाचं गं गाणं हे?" त्यानं मुद्दाम विचारलं.

"चाऊसचं की."

"ओळ माझी हाय!"

"तुमचीच हो. पर कानात राहतो त्यो चाऊसच."

लिंबाजीनं पुढचं ताट असं हिसकलं, की मुळाचं ढेकूळ उडून त्याच्याच तोंडावर बसलं.

सालेह चाऊसचा पणजा अरबस्तानातून निजामाच्या फौजेत आला होता. फौज गेली, गाणं राहिलं. त्या गाण्याची रीतच न्यारी. एकानं ओळ जुळवून कानात सांगायची, दुसऱ्यानं ती तिथल्या तिथं गायची. अरबीची मराठी झाली, पण रीत तीच. लिंबाजी आधी स्वतःच गायचा. तीन सालाखाली त्याचा आवाज बसला, तो बसलाच. तवापासून ओळ त्याची, गळा सालेहचा. अन् पंचक्रोशीत नाव निघायचं एकट्या सालेहचं. लिंबाजी आतल्या आत जळायचा.

चैतात बसवंतरावाच्या लेकीचं, शिवानीचं लग्न निघालं. बसवंतराव मोठा बागायतदार, पण नाकावर राग. मागं मानपानावरून त्यानं सख्ख्या साडूला मांडवातून उठवलं होतं. लिंबाजीनं मनाशी ठरवलं, आज चाऊसला ह्याच्याच हातनं उठवायचं.

अक्षता पडल्या. ऊन मी म्हणायलं होतं. पाव्हणे पंख्यापुढं दाटून बसले आणि सालेहनं डफ घेतला. दोन ओळी झाल्या, तिसरीला लिंबाजी त्याच्या कानाशी वाकला.

"मांडव मोठा, मन लहान, बसवंतरावाची फुकाची शान."

सालेहचा हात थबकला. त्यानं वळून बघितलं.

"हीच गाऊ का, लिंबाजीभाऊ?"

"हीच. मी सांगायचं, तू गायचं."

सालेहनं डोळे मिटले. मग असा सूर लावला, की पंगतीतल्या वाढप्यांचेही हात थांबले.

"मांडव मोठा, गळा लहान, कशी मी गाऊ ह्या घरची शान!"

मांडव वा वा करत उठला. बसवंतरावाचे डोळे भरून आले. तो स्वतः फेटा घेऊन पुढं आला.

"मालक, फेटा ह्यांला बांधा," सालेह म्हणाला. "गळा माझा, पर ओळ आमच्या लिंबाजीभाऊची हाय."

सगळ्या गावादेखत बसवंतरावानं लिंबाजीला फेटा बांधला. बायकांतून कमलबाईचा आवाज आला, "आमच्या मालकाची ओळ हाय, बरं का!"

तीन वर्षं ज्यासाठी जीव जळला, ते नाव आज त्याला मिळालं होतं, अन् तेही जी ओळ त्याची नव्हती तिच्यावर. लिंबाजीला मान वर करवंना.

सालेह हळूच सरकून शेजारी आला. आवाजात राग न्हाई, काही न्हाई.

"पुढची सांगा, भाऊ. लोक थांबल्यात."

लिंबाजीनं तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा त्याला ओळ सुचंना.