आप्पासाहेबांचं ‘व्हय’

मी अलर्टची निळी पट्टी बोलतेय. संभाजीनगरातल्या एका ब्रिज क्लबात, खिडकीजवळच्या टेबलावर, बोलीच्या पत्त्यांच्या डबीत माझा मुक्काम असतो.

ब्रिजला चौघं बसतात, दोन-दोन भिडू. बोली तोंडानं नाही, डबीतले पत्ते मांडून लावायची. कधी एक भिडू ‘चौकट’ लावतो आणि त्याला सांगायचं असतं ‘बदाम’. असं आधी ठरलेलं असलं, तर दुसऱ्या भिडूनं मला वर उचलायचं. मग विरुद्ध बाजूचे खरा अर्थ विचारून घेतात. पोटात एक आणि ओठात एक असलं, तर तसं सांगून मोकळं व्हायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, नोकरी मानाची आहे. नशिबी आले आप्पासाहेब. त्यांची शेती चितेगावला, बिऱ्हाड शहरात. गुडघ्यांमुळे ते खुर्ची बदलत नाहीत, म्हणून मी कायमची त्यांच्या वाट्याला आले. त्यांनी माझ्यावर चहाचा कप ठेवला. तो गोल डाग अजून अंगावर आहे. मला उचलायचं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. घरातलं बोलणं शेजाऱ्याला कशाला सांगायचं, असं त्यांचं मत.

घरातलंच म्हणायचं, कारण त्यांची भिडू म्हणजे त्यांची सून संध्या. सासूबाई गेल्यावर आप्पासाहेब भिंतीकडे बघत बसायचे. तिनं त्यांना इथं आणलं, खेळ शिकवला. चार वर्षांत दोघांनी काही जिंकलं नव्हतं. यंदाच्या वार्षिक स्पर्धेत मात्र शेवटच्या डावापर्यंत ते पहिले होते. विजेत्यांची ढाल समोरच्या कपाटावर होती आणि आप्पासाहेब सारखे तिकडेच बघत होते.

त्याच डावात संध्यानं ‘दोन चौकट’ ही बोली लावली. अर्थ होता बदाम. मी चष्म्याच्या डबीखाली दबलेली. डाव्या हाताला बसलेल्या, विरुद्ध बाजूच्या उमाताईंनी विचारलं, चौकट म्हणजे चौकटच ना? आप्पासाहेब पत्ते लावता लावता म्हणाले, “व्हय.”

झालं. संध्याकडे चौकट असणार या हिशेबानं उमाताईंनी पहिलं पान चौकटचं काढायचं टाळलं आणि आप्पासाहेबांचा डाव बनला. उमाताईंनी पंचाला, श्रीरंगला, बोलावलं. आप्पासाहेब म्हणाले, मी उत्तर दिलंच नाही, मी ‘व्हय?’ असं विचारलं होतं. उमाताई म्हणाल्या, प्रश्नचिन्ह मला तरी ऐकू आलं नाही. मग अर्धा क्लब जमून ‘व्हय’ म्हणून बघायला लागला. कुणाचं वर चढत होतं, कुणाचं खाली पडत होतं. हसून हसून माझे कोपरे दुमडायची वेळ आली.

शेवटी श्रीरंगनं संध्याला विचारलं. ती म्हणाली, “आप्पांनी प्रश्न ऐकलाच नव्हता. घरी मी ‘गोळी घेतली का?’ असं विचारते, तेव्हा असंच ‘व्हय’ येतं. अन् गोळी ताटलीतच असते.”

म्हणजे ते ‘व्हय’ चुकीचं उत्तरच ठरलं आणि निकाल फिरला. ढाल उमाताईंकडे गेली. आप्पासाहेब सुनेसाठी न थांबता काठी टेकत एकटेच निघून गेले. मला फार वाईट वाटलं. ढालीचं काय, पुढच्या वर्षीही असते. पण ही जोडी मोडली तर ते पुन्हा भिंतीकडे बघत बसतील, या धास्तीनं माझा आठवडा गेला.

पुढच्या शनिवारी दोघं आले. आप्पासाहेबांनी मला डबीतून काढलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं. डाग गेला नाही. संध्यानं दोन चौकट लावली आणि त्यांनी मला असं उंच धरलं की पलीकडचं टेबलही वळून बघायला लागलं.

“बदाम हाय ते,” ते उमाताईंना म्हणाले. “लिहून घ्या पाहिजे तर.”

डाव संपला. पत्ते गोळा करता करता संध्यानं हळूच विचारलं, “आप्पा, गोळी घेतली का?”

“व्हय,” आप्पासाहेब म्हणाले, आणि खाली मान घालून त्यांनी मला वर उचललं.