ठमीसाठी हाडे दळणारे यंत्र

मित्रांनो, मी एक जुने खिम्याचे यंत्र आहे, आणि हे सांगत असताना माझ्या पोटात कोंबडीची एक मान आहे. ती तिथे कशी आली, हीच माझी गोष्ट. माझ्या तरुणपणी कुणी माझ्या तोंडात हाड घातले असते, तर माझ्या मालकांनी त्याला दुकानाची पायरी पुन्हा चढू दिली नसती.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. ओताऱ्याने वितळलेले बीड, म्हणजे ओतीव लोखंड, वाळूच्या साच्यात ओतले. मी निवलो तेव्हा मला एक रुंद तोंड होते, एक आडवे पोट होते आणि टेबलाची कड घट्ट धरून ठेवणारा एक पाय होता. मग पोटात आट्यांचा जाड दांडा बसवला, पुढे पाते आणि भोकांची जाळी लावली, मागे लाकडी मुठीचा हात दिला. शेवटी अंगावर कल्हई चढली. त्या दिवशी मला वाटले, जगात आपल्यासारखे देखणे कुणी नाही.

मला एका तरुण माणसाने विकत घेतले. त्याचे मटणाचे दुकान नवे होते आणि लग्नही नवेच होते. सारी गल्ली त्याला दादा म्हणे आणि त्याच्या बायकोला वहिनी. मीही तेच म्हणत आलो.

दादांचा एक नेम होता. मांस माझ्याकडे येण्याआधी त्यांच्या बोटांखालून जायचे. ते डोळे मिटून प्रत्येक तुकडा चाचपत. हाडाची कणी बोटाला लागली की सुरीच्या टोकाने ती अलगद काढून टाकत. त्यामुळे आमच्या खिम्याचे नाव झाले. दात पडलेली म्हातारी माणसे लांबून येत. एक आजोबा दर खेपेला म्हणत, "दादा, माझ्या तोंडात दात नाहीत, पण तुझ्या दुकानापुरते मला ते लागतही नाहीत." त्या दिवशी दादा माझा हात जरा जास्त जोरात फिरवत.

मित्रांनो, कौतुक फार दिवस टिकत नाही. दादांचा मुलगा मोठा झाला आणि दुकानात बसू लागला. दादांचे गुडघे धरले. मुलाने विजेवर चालणारे यंत्र आणले. ते बटण दाबले की घरघरायचे आणि मी दिवसभरात जेवढा खिमा करी, तेवढा चहा पिऊन होईपर्यंत काढायचे. दादांनी मला भंगारात घातले नाही, एवढे मात्र खरे. त्यांनी मला गोणपाटात गुंडाळून स्वयंपाकघराच्या माळ्यावर ठेवले. तिथे एक मोडकी छत्री आणि मी, असे आम्ही दोघेच होतो. दमट हवेने माझी कल्हई गेली. अंगाला गंज धरला. गोणपाटाच्या एका भोकातून खालचे स्वयंपाकघर दिसे, तेवढीच करमणूक.

त्याच भोकातून मी ठमीला पहिल्यांदा पाहिले.

दादा दुकानाकडे चक्कर मारून आले होते आणि त्यांच्या सदऱ्याचा खिसा हलत होता.

"खिशात काय आहे?" वहिनींनी विचारले.

"काही नाही."

"काही नाही ओरडतंय, अहो."

खिशातून मांजराचे करड्या रंगाचे एक पिल्लू निघाले. आई मेलेले, मुठीत मावेल एवढे. चार दिवस दूध प्याले आणि मग मटणाच्या वासाने दादांची बोटे चाटू लागले. ते गोलमटोल होते, म्हणून वहिनींनी त्याला ठमी म्हटले.

आता दादांना काम मिळाले. रोज सकाळी ते दुकानात जात, सगळ्यात मऊ तुकडा निवडत, घरी आणून त्याची चरबी काढत, पापुद्रा काढत. मग डोळे मिटून चाचपत. हाडाची कणी नाही अशी खात्री झाली, की सुरीने बारीक करून बशीत ठेवत.

"चाळीस वर्षं संसार केला," वहिनी म्हणत, "मला कधी इतकं निवडून दिलं नाही."

"तुला दात आहेत."

"तिला नाहीत वाटतं? काल माझ्या पदराला विचारा."

ठमी वाढली. पण काही महिन्यांनी तिचे काहीतरी बिनसले. ती खिडकीत उडी मारेना. ओट्यावरून वहिनींनी खाली ठेवले की मागचे पाय आखडून बसायची. एके दिवशी दादांनी तिला उचलले आणि ती अशी विव्हळली की त्यांनी तिला तिथेच परत ठेवले आणि स्वतः तिच्याजवळ जमिनीवर बसले. दुखऱ्या गुडघ्यांनी ते तिथून उठायला वेळ लागणार हे मला वरून दिसत होते.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई शेजारच्याच गल्लीत राहत. त्यांनी ठमीला दवाखान्यात नेऊन तिच्या हाडांचा फोटो काढला आणि संध्याकाळी तो घेऊन घरी आल्या. त्यांनी तो दिव्यासमोर धरला.

"काका, हिची हाडं बघा. सावलीसारखी फिकी दिसतायत. एक मागचा पाय तर नुसत्या उडीने चिरलाय. काय खाते ही?"

दादांनी सगळे सांगितले. कुठला तुकडा, कसा निवडलेला, कसा सोललेला. सांगताना त्यांची मान थोडी ताठच झाली.

"आणि हाड?"

"एक कण नाही. डोळे झाकून खाऊ घाला."

डॉक्टरीणबाईंनी फोटो खाली ठेवला. "तुमच्या दुकानामागे मांजरं येतात, ती काय खातात?"

"त्यांना काय, माना, पंख, पाय. जे उरेल ते."

"आणि भिंतीवर पळतात ना?"

दादांनी ठमीच्या मागच्या पायांकडे पाहिले.

"मांजर उंदीर खातं तेव्हा हाडासकट खातं, काका. त्या हाडांतून त्याची हाडं होतात. नुसत्या मांसावर ती होत नाहीत."

"पण मी तिला चांगलंच दिलं, बाई."

"चांगलंच दिलंत. पण तेवढंच दिलंत."

मित्रांनो, मी वरून दादांच्या हातांकडे पाहत होतो. ते मांडीवर उलटे पडले होते. ज्या बोटांची सारी गल्ली तारीफ करी, त्याच बोटांनी ठमीच्या बशीतून तिचे पाय काढून टाकले होते. असे दादांना त्या क्षणी वाटत असावे. 

ठमीला एका खोक्यात ठेवायचे ठरले, उडी मारायला वाव नको म्हणून. औषध मिळाले. दुकानी मिळणारे तयार खाणे मिळाले, त्याला ठमीने तोंड लावले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती अंग चोरून पडून राहिली आणि आता औषधही कशातून द्यायचे हा प्रश्न पडला. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या.

"मांजराला उपाशी ठेवून चालत नाही," त्या म्हणाल्या. "कच्चंच खाते तर कच्चंच द्या, पण कोंबडीच्या मानेसकट. शिजवलेलं हाड अजिबात नको, ते ठिसूळ होतं, त्याच्या टोकदार चिपा होतात. आणि सध्या हिला चावायलाही दुखेल, म्हणून बारीक करून. बरोबर थोडं काळीज. किती, ते मी सांगते. मांस ताजं हवं, भांडी आणि हात साबणाने धुवा, उरलेलं लगेच थंडीत ठेवा. कच्च्या मांसाचं दुखणं तुम्हा दोघांनाही लागू शकतं."

मुलगा दुकानातल्या यंत्रात हाड घालू देईना. त्याचेही बरोबर होते, त्यात गिऱ्हाइकांचा खिमा व्हायचा. मग वहिनींनी वर पाहिले.

"अहो, तो माळ्यावरचा?"

मी माळ्यावरून खाली आलो. दादांनी मला सुटे केले, गंज घासला, उकळत्या पाण्यात बुडवले, भाग न् भाग पुसला. मोठ्या भोकांची जाळी माझ्या सुट्या भागांच्या डब्यात नवीकोरी पडून होती, ती लावली. मला टेबलाच्या कडेला बसवले. वहिनींनी माना आणून ठेवल्या. दादांनी एक उचलली, माझ्या तोंडाशी आणली, आणि त्यांचा हात थांबला.

"घाला की," वहिनी म्हणाल्या.

"हात होत नाही."

"का?"

"ह्यात कधी हाड गेलं नाही. गिऱ्हाइकाला तोंड दाखवलं, ते त्याच जोरावर."

"गिऱ्हाईक खोक्यात बसलंय," वहिनी म्हणाल्या. "जा, विचारा त्याला काय हवं ते."

दादांनी खोक्याकडे पाहिले. मग त्यांनी मान आत टाकली आणि माझा हात धरला.

मित्रांनो, मी घाबरलो होतो. माझे आटे जुने होते. पहिल्या फेऱ्याला हाड अडले, दांडा जागीच थांबला. दादांनी जोर लावला, वहिनींनी टेबल धरून ठेवले. मग आत कर्रकन आवाज झाला, असा की तो माझ्या पायापर्यंत पोहोचला. जाळीतून गुलाबी खिमा आला, त्यात पांढऱ्या कण्या. दादांनी सवयीने बोट लावले, कणी चाचपली, आणि ती तशीच राहू दिली.

ठमीने बशी हुंगली. तोंड फिरवले. दादा खोक्याशी बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने एक घास घेतला, मग दुसरा, आणि मग बशी सरकत खोक्याच्या कोपऱ्याला जाऊन लागली तरी तिचे खाणे चालूच होते. वहिनी भांडी घासायला गेल्या. पाणी वाहत राहिले, भांडे एकही वाजले नाही.

पुढे पुष्कळ दिवस गेले. हाडे एका रात्रीत भरत नाहीत. खोके मोठे झाले, मग एक बाजू उघडी राहिली. डॉक्टरीणबाईंनी शेवटी तपासायला पाय दाबला, तेव्हा ठमीने त्यांचे बोट चावले.

"दात पण पक्के झालेत, काका," बोट चोळत त्या म्हणाल्या.

आता मी रोज कामावर असतो. माझ्या पात्याला धार राहिलेली नाही, आट्याचा एक कोपरा उडाला आहे. याहून मोठे हाड घातले तर मी मोडेन, हे दादांना ठाऊक आहे. काम झाले की ते मला सुटे करून साबणाने धुतात आणि कोरडे पुसून ठेवतात. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी राबत असेल, तर त्याला ओले ठेवू नका. आणि कुणावर माया कराल, तर आपल्याला उत्तम वाटते ते देऊन स्वस्थ बसू नका. त्याला काय लागते ते विचारा. त्याला बोलता येत नसेल, तर त्याच्या वतीने जाणत्या माणसाला विचारा.

बाकी काय सांगू? दादा माझा हात फिरवू लागले की ठमी टेबलावर येऊन बसते. दादा म्हणतात, "खाली उतर." ती ऐकत नाही. मग ते मूठ सोडतात, हात धुतात, पुसतात आणि तिला सांभाळून खाली ठेवण्यासाठी दोन्ही हात पुढे करतात. तोवर ती उडी मारून मोकळी झालेली असते.