अर्माँचं ताट

सोलांजने ठरवलं होतं, रेस्टॉरंटच्या दारातच सांगून टाकायचं. टेबल दोघांचं आहे, पण मी एकटीच आले आहे. अर्माँ गेला. पाच आठवड्यांत हे वाक्य तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. सगळ्यांना फोन लेकीनेच केले होते. आजचं दुपारचं टेबल मात्र अर्माँने हिवाळ्यातच, लग्नाच्या वाढदिवसासाठी राखून ठेवलं होतं. तिने ते रद्द केलं नव्हतं.

दार बेर्त्राँने उघडलं. एकोणीस वर्षं तोच त्यांना वाढत आला होता.

"साहेब मागे राहिले वाटतं?"

"हो," ती बोलून गेली. "उशीर होईल त्यांना."

"यंदा तरी वेळेवर येतील, अशी आचाऱ्याशी पैज लावली होती मी. बुडवलं मला!" तिच्यासाठी खुर्ची ओढत तो हसला. "दोन्ही ताटं आणू ना, मादाम?"

"आणा. येतीलच."

खिडकीखाली सेन नदीवर ऊन होतं. पांढऱ्या अ‍ॅस्परॅगसचे कोंब आले, त्यावर अंड्याच्या बलकाचा सॉस. तिने खाल्लं आणि काटा-सुरी ताटात शेजारी शेजारी ठेवली. म्हणजे खाऊन झालं, ही खूण. पण टेबलावरच्या सगळ्यांचं झाल्याशिवाय इथे कुणाचंच ताट उचलत नसत. अर्माँ इतका सावकाश जेवायचा, की दर वर्षी ती रिकाम्या ताटापुढे चुळबुळत बसायची.

"आटप ना, अर्माँ. तिकडे मासा थांबलाय," ती म्हणायची.

"थांबू दे. पोहून दमला असेल."

बेर्त्राँ आला, समोरच्या ताटाकडे पाहून परत गेला. दहा मिनिटांनी पुन्हा आला, टेबलावर नसलेले पावाचे कण टिपले आणि गेला. अर्माँच्या ताटातल्या सॉसवर साय धरली, मग तिला सुरकुत्या पडल्या.

तिसऱ्यांदा तो वाकून हळूच म्हणाला, "मादाम, आचारी विचारतोय, साहेब पुलावरून येताहेत की नदीतून?"

तिने हात लांब केला, पलीकडची न वापरलेली काटा-सुरी उचलली आणि अर्माँच्या ताटात शेजारी शेजारी ठेवली.

"झालं त्यांचं," ती म्हणाली. "पाच आठवडे झाले."

बेर्त्राँचं हसू क्षणभर तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग ते गेलं. त्याने आधी अर्माँचं ताट उचललं, दोन्ही हातांनी, भरलेलं ताट न्यावं तसं. ते भरलेलंच होतं.

मासा एकाच ताटात आला. तिने लहानसा तुकडा तोडला, मग त्याहून लहान. लोणी कडेने थिजत गेलं. आजूबाजूची टेबलं एकेक करून रिकामी झाली. बेर्त्राँ भिंतीपाशी हात मागे बांधून उभा होता. काटा अजून तिच्या हातातच होता. आटप म्हणायला समोर कुणी नव्हतं.