पोटाचा साचा

लेक शिल्पकार. तिला मांसल, वळ्या पडलेलं एक पोट घडवायचं होतं, हात लावावासा वाटेल असं. आईच्या पोटावर प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या लावून तिने साचा घेतला. आई लाजली, पण हलली नाही.

मग साच्यात लॅटेक्सचे, म्हणजे पातळ रबराचे थर. एक वाळला की दुसरा, शेवटी कातडीसारखं सोलून काढायचं. पहिली कातडी अलगद निघाली, पण फार पातळ. दुसरी बेंबीपाशी चिकट राहिली आणि फाटली. तिसरीचंही तेच. चौथ्या वेळी तिने साच्यावरून बोट फिरवलं, तर बोट तेलकट. तेल लागलं की लॅटेक्स बिघडतं.

तिच्या स्टुडिओच्या अर्ध्या जागेत एक फ्रेमवाला काम करायचा. लाकडाला तेल लावणारा तोच, आणि जागा अपुरी पडते म्हणून कुरकुरणाराही तोच. ती त्याच्या चिंध्या हुंगू लागली, त्याच्या बाटलीवर पेन्सिलीने खुणा करू लागली. तेल खुणेखाली गेलेलं दिसलं की तिचा संशय पक्का व्हायचा. तो दिवसभर त्याच तेलाने फ्रेमा पुसतो, हे तिच्या डोक्यातच येत नव्हतं. शेवटी तिने त्याच्याकडून जागेची किल्ली मागून घेतली. त्याने कारण विचारलं नाही. रोज सकाळी तिची वाट बघत दाराबाहेर उभा राहू लागला.

साचा पुन्हा तेलकट झाला. याने दुसरी किल्ली करून घेतली असणार, असं तिने ठरवून टाकलं. एका दुपारी तो माल पोचवायला गेला, तेव्हा शिकवणीला जाते असं सगळ्यांना सांगून ती फळ्यांच्या आड बसली.

दार उघडलं. आई आली. डबा ठेवायला तिच्याकडे किल्ली असायचीच. तिने डबा ठेवला, पिशवीतून छोटी बाटली काढली आणि साच्यातल्या बेंबीत बोटाने तेल चोळू लागली.

लेक बाहेर आली. आई दचकली, पण बाटली लपवली नाही.

"तेलाने बिघडतं हे तूच जेवताना सांगितलंस," ती म्हणाली. "मी हो म्हटलं ते तुझ्यासाठी. चारचौघांत मांडायला नाही."

"मग तसं सांगायचंस ना."

"तू किती खूश होतीस."

लेकीने हातोडी आणून आईच्या हातात दिली. आईने साचा स्वतः फोडला.

संध्याकाळी लेक किल्ली घेऊन फ्रेमवाल्याकडे गेली, सगळं सांगितलं, माफी मागितली. त्याने ऐकून घेतलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "मी दुसरी जागा बघितलीय."

महिनाअखेरीस तो गेला. रिकाम्या झालेल्या अर्ध्या जागेत लेक जमिनीवर आडवी झाली आणि आईने तिच्या पोटावर पहिली ओली पट्टी ठेवली.