शब्दावर दिलेली बाग

मी ताऱ्यांच्या स्फोटांचा अभ्यास करते. पीएचडीनंतर सात वर्षांत तीन देश झाले, प्रत्येक ठिकाणी दोन-अडीच वर्षांची नेमणूक, मग पुन्हा अर्ज. शेवटची नेमणूक डिसेंबरात संपली आणि मी रत्नागिरीला वडिलांकडे, आबांकडे, येऊन राहिले. शेजारच्या सावित्रीकाकू विचारायच्या, "सुट्टी का गो, उर्वी?" मी हो म्हणायचे.

जानेवारीअखेर दोन गोष्टी समोर आल्या. एक, जर्मनीतली आणखी दोन वर्षांची नेमणूक. तिला हो म्हणायची मुदत पंधरा फेब्रुवारी. आमच्या क्षेत्रात ही तारीख सगळे पाळतात. नंतर जागा यादीतल्या पुढच्याला जाते. दुसरी, आपल्याकडच्या एका संस्थेतली कायमची नोकरी. मुलाखत झाली होती. समितीचे अध्यक्ष फोनवर म्हणाले, "तुमचं नक्की समजा. पत्र मार्चमध्ये येईल." दोन्ही हुकल्या तर माझ्या वयाला तिसरं कुणी विचारणार नव्हतं.

मी आबांना विचारलं. आबा चाळीस वर्षं आंब्याची बाग शब्दावर देतात. कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या की सावर्ड्याचा व्यापारी काशीराम येतो, बागेत एक फेरी मारतो, "ठरला, आबा" म्हणतो, कोकम सरबत पितो आणि जातो. कागद कधी झाला नाही.

"माणसानं शब्द दिलान ना? मग झालं तर," आबा म्हणाले. "तिकडची जागा उगाच अडवून ठेवू नको. कुणी वाट बघत असेल."

वाट बघत होता माझाच ज्युनिअर, उन्मेष. मला आपल्या मोठेपणाचं फारच कौतुक वाटलं. चौदा तारखेला जर्मनीला नकार कळवला आणि आबांबरोबर भाट्याच्या समुद्रावर फिरून आले.

पाच मार्चला मेल आली. निवड दुसऱ्याची झाली होती, मला पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या. अध्यक्षांनी फोन उचलला नाही. त्यांचा राग आलाच, पण त्याहून जास्त स्वतःचा आला. प्रत्येक आकड्यापुढे चूक किती असू शकेल ते लिहिणारी मी, एका फोनवर विसंबले.

त्याच आठवड्यात उन्मेषचा फोन आला. "ताई, तुझ्यामुळे मिळालं. तुझा तो प्रोग्रॅम पाठवशील का? तिथे त्यावरच काम करायचंय." पाठवला. मग न्हाणीघरात नळ सोडून खूप रडले.

आबांना मी मेल वाचून दाखवली, त्यांच्या सल्ल्याचं नाव काढलं नाही. त्यांनीच एकदा विचारलं, "जर्मनीवाल्यांना आता लिहून बघता येणार नाही?"

"नाही, आबा."

ते जेवण अर्धं टाकून उठले.

कैऱ्या सुपारीएवढ्या झाल्या. काशीराम आला, फेरी मारून पडवीत बसला. मी सरबत आणून ठेवलं. "ठरला, आबा," तो म्हणाला.

आबा आत गेले आणि स्टँपपेपर घेऊन आले. कोर्टासमोरून कधी आणला होता, मला माहीत नव्हतं. "इथे सही कर," ते म्हणाले. त्याच्याकडे बघत मात्र नव्हते.

काशीरामने कागद उलटून पाहिला. "आबा, माजा काय चुकला?"

"तुझं नाही रे."

त्याने सही केली, चप्पल पायात सरकवली आणि गेला. सरबताचा पेला भरलेलाच राहिला. आबांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"नीट ठेव," म्हणाले. "मला नको तो."