कॉलरवरचे चार फवारे

शिंपिणीचा नवरा दारू प्यायचा ती चारचौघांत, हसत-खिदळत. तीही प्यायची, पण इस्त्रीच्या फवाऱ्याच्या बाटलीतून, मशीनखाली वाकून, सुई शोधल्यासारखं करत. तो पडला की मित्र उचलून आणत आणि म्हणत, "बिचाऱ्याला कामाचा ताण." तिची बाटली सापडली तेव्हा मात्र नणंदेनं पोरीचे कपडे बॅगेत भरले आणि तिला स्वतःकडे नेलं. "दारुड्या आईपाशी पोर नको," म्हणाली. दारुडा बाप शेजारीच उभा राहून मान डोलावत होता. निर्लज्जपणालाही काही हद्द असते!

पुढं दोघांनी सोडली. त्याला तल्लफ आली की व्यसनमुक्ती केंद्रातले मित्र धावत येत, चहा पाजत, फिरायला नेत. तिला आली की ती दार लावून शिवलेलं उसवायची आणि पुन्हा शिवायची. एका फ्रॉकची कड तिनं अकरा वेळा उसवली. तिचे दिवस कुणी मोजलेच नाहीत. त्याचं वर्ष भरलं आणि केंद्रानं रविवारी सत्कार ठरवला. सत्कार झाला की पोरीला घेऊन तो वेगळं बिऱ्हाड करणार होता.

शनिवारी इस्त्रीचं टेबल ओढताना कपाटामागे तिला तीच जुनी बाटली दिसली. दारू सोडल्यापासून तिनं त्या बाटलीला हात लावला नव्हता, इस्त्रीला ओला फडका वापरायची. म्हणूनच शहाण्या नवऱ्यानं लपवायला ही जागा निवडली असणार. तिनं झाकण उघडून हुंगलं. पाणी नव्हतं, दारू होती. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिनं झाकण घट्ट फिरवलं आणि आधी ती फ्रॉकची कड बाराव्यांदा उसवली. माझीच युक्ती चोरतोस आणि मलाच नालायक ठरवतोस? थांब, मेल्या.

रविवारी निघताना तिनं शर्ट त्याच्या हातात दिला. "कॉलर जरा ओली आहे हं, सुरकुती जात नव्हती." त्या बाटलीतले चार फवारे मारले होते. त्यानं स्वतः सकाळीच दोन घोट घेतले होते, त्याला वास कुठून येणार?

सभागृहात टाळ्या झाल्या. नणंद पोरीला आणि तिची भरलेली बॅग घेऊन आली होती; बॅग एका हातात धरूनच ती कौतुकानं भावाच्या गळ्यात पडली आणि चटका बसावा तशी मागे सरली.

"दादा, तू पिऊन आलायस?"

त्याचा हात कॉलरवर गेला. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती हसत होती.

"हिनं केलंय हे!" तो ओरडला. "माझ्या बाटलीतली शिंपडलीय हिनं!"

"तुझ्या कुठल्या बाटलीतली?" नणंदेनं विचारलं.

शिंपीण उठली, पोरीच्या बॅगेपाशी गेली आणि नणंदेसमोर तोंड नेलं.

"हुंगा, वन्सं. नीट हुंगा. सोडून वर्ष आणि दोन महिने झाले."

नणंदेनं हुंगलं. मग खाली मान घालून तिनं बॅगेवरचा हात काढला.